नऊ मजली कार्यालयीन इमारतीचा आपत्कालीन बाहेर-पडणी संच : नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वर्धा रोडवरची ही इमारत तळमजला अधिक 9 मजले, उंची सुमारे 36 मीटर, खाली दोन तळघरे आणि पूर्व-पश्चिम असे दोन जिने अशी आहे. पहिल्या ते आठव्या मजल्यावर पाच कंपन्यांची कार्यालये आहेत. नवव्या मजल्यावर कॅन्टीन आणि प्रशिक्षणाचा हॉल, त्यावर गच्ची, आणि गच्चीवर एसीचे चिलर. कामाच्या दिवशी आत सरासरी 1,150 ते 1,250 माणसे असतात. महिनाअखेरीला हा आकडा 1,400 पर्यंत जातो. इमारत, कंपन्या आणि माणसे यांची ओळख इथे मुद्दाम दिलेली नाही.

कागदोपत्री सगळे जागेवर होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत घ्यायचे नमुना ‘ब’ प्रमाणपत्र (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे) वेळच्या वेळी सादर होत असे. हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) चालू होता, पंप दर आठवड्याला फिरवला जात होता. ‘इमर्जन्सी किट’ असे लिहिलेली एक मोठी लाल बॅगही तीन वर्षांपूर्वी घेतलेली होती.

रंगीत तालीम मात्र ठरावीक पद्धतीने होत असे. दरवर्षी 14 एप्रिलपासूनच्या अग्निशमन सेवा सप्ताहात, सकाळी दहा वाजता, आदल्या दिवशी ईमेल पाठवून. ऊन चढलेले नसते, पाहुणे आलेले नसतात, कॅन्टीन रिकामे असते. अशा तालमीत संचाची गरजच पडत नाही, त्यामुळे त्यात काय आहे आणि काय नाही हे कधी समोर आले नाही.

अडचण कशी उघड झाली

पाचपैकी एका कंपनीच्या मुख्यालयाने लेखापरीक्षणात पूर्वसूचना न देता तालीम घ्यायला सांगितली. ती मे महिन्यात दुपारी अडीच वाजता झाली. बाहेर 44 अंश तापमान होते.

इमारत रिकामी व्हायला 19 मिनिटे लागली. हा वेळ जास्त होता, पण खरी गोष्ट पुढे घडली. मोजदाद सुरू झाली आणि 52 मिनिटांनंतरही 41 नावे जुळत नव्हती. नंतर शोध घेतला तेव्हा त्यातले 27 जण त्या दिवशी घरून काम करत होते, 11 जण रजेवर किंवा बाहेरगावी होते, आणि उरलेले 3 रस्त्यापलीकडे कडुनिंबाच्या सावलीत उभे होते. उलट बाजूने पाहिले तर हाउसकीपिंग, कॅन्टीन, सुरक्षा आणि देखभालीची 63 कंत्राटी माणसे कोणत्याच यादीत नव्हती. खरी आग असती तर अग्निशमन दलाच्या जवानांना 38 अशा माणसांच्या शोधात वर पाठवले गेले असते जी इमारतीत नव्हतीच, आणि आत खरोखर अडकलेल्या सफाई कामगाराचे नाव कुणी घेतले नसते.

लाल बॅगेचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. सुविधा व्यवस्थापक बाईंनी ती मागितली तेव्हा गार्ड म्हणाला, “मॅडम, बॅग खाली स्टोअरमध्ये आहे. चावी सुपरवायझर साहेबांपाशी, अन् ते जेवायला गेले.” स्टोअर पहिल्या तळघरात होते. बॅग वर आली तेव्हा तिचे वजन 14 किलो भरले. मेगाफोनमधले सेल फुटून आतले स्प्रिंग गंजले होते. लेटेक्सचे हातमोजे एकमेकांना चिकटले होते. चिकटपट्टीचा डिंक वितळून कापडावर उतरला होता. मजल्यांचे नकाशे दोन कंपन्यांपूर्वीच्या मांडणीचे होते. मात्र दोरखंड, कुऱ्हाड, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि सहा जणांचा तंबू उत्तम स्थितीत होते.

जमण्याची जागा समोरच्या डांबरी पार्किंगमध्ये ठरलेली होती. तिथे पंधरा मिनिटांत दोघींना भोवळ आली. बाकीचे लोक हळूहळू पोर्चच्या सावलीत सरकले, म्हणजे बरोबर तिथे जिथे अग्निशमनाची गाडी उभी राहायची.

संच कशासाठी, हे आधी ठरवावे लागले

पुढच्या बैठकीत पहिला प्रस्ताव पुरवठादाराचा होता: ‘72 तासांची बॅग’, सुकामेवा, पाण्याची पाकिटे, चंदेरी ब्लँकेट आणि तंबूसकट. असा संच भूकंपानंतर मदत पोहोचेपर्यंत तग धरण्यासाठी असतो. नागपूर भूकंपाच्या कमी जोखमीच्या क्षेत्रात येते. या इमारतीत काय घडू शकते याची यादी केली तेव्हा वेगळेच चित्र निघाले. उन्हाळ्यात एसीच्या भाराने पॅनेल किंवा केबल जळून धूर होणे, यूपीएस रूममधली आग, कॅन्टीनमधली गॅसगळती, बॉम्बची धमकी देणारा ईमेल, आणि पावसाळ्यात तळघरात पाणी. शेवटची शक्यता कुणाला समजावून सांगावी लागली नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे सगळ्यांनी पाहिले होते. तळघरातली लाल बॅग तेव्हाच हलवायला हवी होती.

या सगळ्या प्रसंगांत इमारत रिकामी करायला दहा-वीस मिनिटे आणि बाहेर थांबायला एक ते तीन तास लागतात. या वेळात संचाने चारच कामे करायची: माणसांना वाट दाखवणे, कोणता भाग रिकामा आहे आणि कुठे कोण राहिले आहे हे सांगणे, अग्निशमन दलाच्या हातात चाव्या आणि नकाशे देणे, आणि बाहेर उभ्या माणसांना उन्हापासून वाचवणे. चारपैकी दुसरे काम सर्वांत जड आहे. जवान आल्या आल्या पहिला प्रश्न विचारतात, आत कोणी आहे का? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर ज्या वस्तूंमुळे मिळते त्या संचात आधी, बाकीच्या नंतर, असा क्रम समितीने मान्य केला.

तोलून पाहिलेले पर्याय

*प्रत्येकाच्या टेबलाखाली वैयक्तिक पिशवी.* शिटी, छोटा टॉर्च आणि मास्क असा हा प्रस्ताव मनुष्यबळ विभागाचा होता. तो नाकारला गेला. बाराशे टॉर्चचे सेल दर सहा महिन्यांनी बदलणे कुणालाच झेपणारे नव्हते. शिवाय मास्कबद्दल गैरसमज होता. एन-95 मास्क धुळीचे आणि काजळीचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. मास्क हातात आहे म्हणून माणूस धुरातून जायचे धाडस करतो, आणि तिथेच घात होतो.

*लॉबीत एकच मोठा संच.* सोपा पर्याय, पण मजले तपासणाऱ्यांना त्याचा उपयोग शून्य. खाली ठेवलेली वस्तू वर न्यायची तर उतरणाऱ्या हजार माणसांच्या विरुद्ध जिना चढावा लागतो.

*तीन ठिकाणी विभागलेला संच.* मजल्यावर हलका, लॉबीत मुख्य, आणि इमारतीबाहेर गेटजवळच्या केबिनमध्ये तिसरा. हा स्वीकारला गेला. लॉबीतच धूर असेल तर बाहेर काहीतरी हवेच, हा मुद्दा सल्लागार म्हणून आलेल्या एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्याने लावून धरला.

मोजणीच्या पद्धतीवर मात्र दोन बैठका गेल्या. मनुष्यबळ विभागाला नावांची हजेरी हवी होती. दार उघडणाऱ्या कार्डांच्या यंत्रणेतून यादी निघते, असे त्यांचे म्हणणे. पण तिचा सर्व्हर चौथ्या मजल्यावर होता आणि वीज बंद केली की यादीही बंद. शिवाय एकाने कार्ड लावून तिघे आत जातात, हे सर्वांना ठाऊक होते. अधिकाऱ्याने दुसरी रीत सुचवली: माणसे मोजण्याऐवजी जागा तपासा. मजल्याचा प्रत्येक भाग कोणी तरी डोळ्यांनी पाहून रिकामा असल्याचे सांगायचे, आणि नाव फक्त राहिलेल्यांचे लिहायचे. हाच निर्णय झाला. नावांच्या याद्या ठेवल्या, पण दुय्यम म्हणून.

काय केले : मजल्यावरचा संच

प्रत्येक मजल्यावर दोन्ही जिन्यांच्या दाराशी खुंटीवर एक छोटी पिशवी टांगली. वजन एक किलोच्या आत. प्रत्येक पिशवीत:

- चमकत्या पट्ट्यांचे पिवळे जाकीट 1
- गळ्यात अडकवायची शिटी 1
- डोक्याला बांधायचा एलईडी टॉर्च 1, सेल वेगळ्या बंद पाकिटात
- पांढरा खडू 2 कांड्या
- मजला-कार्ड 1, दोरीने बांधलेली पेन्सिल

मजला-कार्ड हा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. एक बाजू हिरवी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत मजला, बाजू आणि ‘रिकामा’. दुसरी बाजू लाल, तिच्यावर चार ओळी: कोण किंवा किती, कुठे, कोणत्या जिन्याजवळ, चालू शकतात का. त्या भागासाठी नेमलेल्या तपासनीसाने आपल्या बाजूच्या खोल्या, स्वच्छतागृहे, मीटिंग रूम, सर्व्हर रूम आणि पँट्री पाहायची, पाहिलेल्या दारावर खडूने फुली मारायची, दार लोटायचे, कुलूप लावायचे नाही, आणि कार्ड खाली आणून घटना प्रमुखाच्या, म्हणजे बाहेर-पडणीची सूत्रे सांभाळणाऱ्याच्या, हातात द्यायचे. नऊ मजल्यांची दोन-दोन मिळून 18 आणि तळमजल्याचे एक, अशी 19 कार्डे झाली. एकोणीसही हिरवी आली म्हणजे इमारत रिकामी. एखादे आलेच नाही, तर तो भाग तपासला गेलेला नाही असे धरायचे.

कार्डे आधी लॅमिनेट केली होती. त्यावर पेन्सिल उठत नाही, आणि मार्कर नागपूरच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत सुकतो, म्हणून ती बदलून जाड, खरखरीत कार्डशीटची केली. बॉलपेन गरमीत गळतात आणि ओल्या कागदावर चालत नाहीत. पेन्सिल दोन्ही ठिकाणी चालते.

चाकांची उतरण-खुर्ची : कुठे ठेवायची

सहाव्या मजल्यावरचे एक सहकारी व्हीलचेअर वापरतात. त्याशिवाय पाय प्लास्टरमध्ये असलेले, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतल्या, दम्याचा त्रास असलेले असे कोणी ना कोणी नेहमी असतेच. जिन्यावरून घसरत उतरणाऱ्या दोन खुर्च्या मंजूर झाल्या. साहजिक प्रस्ताव असा होता की एक सहाव्या मजल्यावर आणि एक लॉबीत ठेवावी.

लॉबीतली खुर्ची वर नेता येत नाही, हे लगेच पटले. सहाव्याबद्दल प्रश्न त्या सहकाऱ्यांनीच विचारला. “दुपारी एक ते दोन मी कॅन्टीनमध्ये असतो. तेव्हा खुर्ची तीन मजले खाली असून मला काय उपयोग?” एका वाक्याने निर्णय बदलला. खुर्ची फक्त खाली येते, म्हणून ती वापरणाऱ्याच्या मजल्यावर किंवा त्याच्या वरच ठेवायला हवी. एक नवव्या मजल्यावर पूर्वेच्या जिन्यात आणि दुसरी सहाव्यावर पश्चिमेच्या जिन्यात ठेवली. नवव्यावरची गरज पडेल त्या मजल्यापर्यंत उतरणाऱ्या माणसांसोबत आणता येते.

प्रत्येक खुर्चीसाठी चौघांना शिकवले, कारण दोघे लागतात आणि त्यातला एखादा रजेवर असतोच. सराव रिकाम्या खुर्चीवर पुरत नाही. माणूस बसल्यावर पहिल्या पायरीवर खुर्ची पुढे झुकते, तो झोक सांभाळणे हीच खरी शिकवण. पाचव्या मजल्यावरच्या कर्णबधिर सहकारी ताईंसाठी वस्तू घेण्याऐवजी दोन सोबती ठरवले, आणि स्वच्छतागृहात अलार्मबरोबर लुकलुकणारा दिवा बसवला.

लॉबीतला मुख्य संच

14 किलोची बॅग मोडून पाठीवर घ्यायच्या दोन सॅक केल्या, प्रत्येकी साडेपाच-सहा किलोच्या. रात्रपाळीचे गार्डकाका साठीच्या जवळचे आहेत. त्यांनी एक उचलून जिन्याच्या चार पायऱ्या चढून दाखवल्यावर वजन पक्के केले.

पहिली सॅक नियंत्रणाची. तीत ए-3 आकाराच्या नकाशांचे दोन संच: जिने, हायड्रंट, वीज बंद करायची जागा, गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह, डिझेलची टाकी आणि तळघराचे रॅम्प दाखवलेले. एक संच जवानांना देऊन टाकायचा, परत मिळेल ही अपेक्षा ठेवायची नाही. 19 खाचांचा कार्ड लावायचा फळा. 4 वॉकीटॉकी, परवाना न लागणाऱ्या 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. ते दुसऱ्या तळघरापर्यंत पोहोचत नाहीत, हे चाचणीत कळले, आणि तसे त्यांच्यावरच लिहून ठेवले. मेगाफोन 1, त्याचे सेल काढून वेगळ्या डबीत, डबीवर तारीख. मराठी आणि हिंदीत तीन-तीन ओळींच्या तयार घोषणा. लाल जाकीट फक्त घटना प्रमुखासाठी. संपर्कपत्रकात 101, 108 आणि 112 बरोबर महावितरण, लिफ्ट कंपनी, गॅस पुरवठादार आणि शेजारच्या प्लॉटच्या रखवालदाराचा क्रमांक.

चाव्यांवर सुरक्षा एजन्सीने हरकत घेतली. गच्ची, इलेक्ट्रिक शाफ्ट (विजेच्या केबल मजल्यामजल्यांवर नेणारा उभा मार्ग), पंप रूम आणि लिफ्टच्या फायरमन स्विचच्या (लिफ्ट जवानांच्या ताब्यात देणाऱ्या) चाव्या लॉबीत उघड्यावर कशा ठेवायच्या? तोडगा असा निघाला की चाव्यांचा जुडगा क्रमांक असलेल्या प्लॅस्टिक सीलने बंद पाकिटात राहील आणि दर पाळीला गार्ड सीलचा क्रमांक वहीत लिहील. प्रत्येक चावीला पितळी बिल्ला लावला, तोच आकडा नकाशावर आणि दारावर. अंधारात जवानाला ‘ही बहुतेक शाफ्टची असावी’ असे सांगून चालत नाही.

याद्या तीन ठिकाणांहून येतात: स्वागतकक्षाची पाहुण्यांची वही, कंत्राटदारांच्या सुपरवायझरांची हजेरीची वही, आणि कार्ड यंत्रणेची सकाळी अकरा व दुपारी तीनची छापील प्रत. पहिल्या दोन वह्या संचात बंद ठेवता येत नाहीत. त्या कुणी उचलायच्या, हे सॅकच्या झाकणावरच लिहिले आहे.

दुसरी सॅक प्रथमोपचाराची. नायट्राइल हातमोजे 20 जोड्या, निर्जंतुक गॉज 10 × 10 सेंटिमीटरचे 40 तुकडे, 10 सेंटिमीटर रुंद रोलर बँडेज 12, क्रेप बँडेज 4, त्रिकोणी बँडेज 8, रक्तस्रावावर दाब द्यायच्या मोठ्या घड्या 6, भाजल्यावर लावायच्या जेलपट्ट्या 6, बोथट टोकाची कात्री 2, ओआरएसची पाकिटे 50. ताप, वेदना, छातीत दुखणे यांसाठीच्या गोळ्या मुद्दाम ठेवल्या नाहीत. समोरच्याला कशाची ॲलर्जी आहे हे माहीत नसताना गोळी देणे हे स्वयंसेवकाचे काम नाही. भाजलेल्या जागेवर आधी साधे वाहते पाणी वीस मिनिटे, जेलपट्टी त्यानंतर, हेही आतल्या पत्रकात आहे. अंगाची ऊब राखणारे चंदेरी ब्लँकेट न घेता त्या जागी पांढऱ्या सुती चादरी घेतल्या. ऊन लागलेल्या माणसाला सावलीत आणून, ओल्या चादरीत ठेवून वारा घालणे, शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीही न देणे आणि 108 ला फोन, हे इथे जास्त उपयोगी पडते.

गेट केबिन आणि उष्णता

तिसऱ्या संचाचा विचार बरोबर होता, जागा अवघड होती. गेटची केबिन पत्र्याची. मे महिन्यात आत ठेवलेला तापमापक दुपारी 51 अंशांवर गेला. सेल, जेल, चिकटपट्टी, ओआरएस यांतले काहीही तिथे उन्हाळा काढू शकत नाही. त्यामुळे वस्तूंची वाटणी कामाऐवजी सहनशक्तीवर केली: उष्णतेने बिघडणारे सगळे वातानुकूलित लॉबीत, आणि न बिघडणारे गेटवर. केबिनमधल्या लोखंडी पेटीत घडीचे स्ट्रेचर 1, रस्ता अडवायची पट्टी 100 मीटरची 2 रिळे, प्लॅस्टिकचे शंकू 8, सुती चादरी 10, हिरवी शेडनेट, सुतळी, आणि नकाशांचा व चाव्यांचा दुसरा सीलबंद संच.

पाण्याच्या बाटल्या साठवल्या नाहीत. 1,200 माणसांना अर्धा-अर्धा लिटर म्हणजे 600 लिटर, 20 लिटरचे 30 जार. जार तळमजल्यावर, मागच्या दारापाशी नेहमी असतातच. ते बाहेर आणायची हातगाडी आणि कागदी ग्लास एवढीच भर घातली. एक ओआरएस पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासात पाकीट फोडून द्यायचे नाही, हे कॅन्टीनच्या पोरांना दोनदा सांगावे लागले.

जमण्याची जागा बदलली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकाशी लेखी बोलणे करून कडुनिंबाच्या रांगेखालची जागा घेतली. कुंपणात एक दार पाडले, म्हणजे वर्धा रोड ओलांडायची वेळ येत नाही. काचा पडल्या तरी पोहोचू नयेत म्हणून भिंतीपासून अंतर 30 मीटरपेक्षा जास्त ठेवले.

तपासणी जानेवारी आणि जुलैच्या नमुना ‘ब’बरोबर जोडली, आणि उन्हाळ्याआधी मार्चमध्ये एक जास्तीची. सेल दर सहा महिन्यांनी बदलायचे, चालत असले तरी. राष्ट्रीय इमारत संहितेत तालमी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहामाहीने सांगितल्या आहेत. इथे वेळ बदलून तिमाही तालीम चालू ठेवली, त्यातली एक जेवणाच्या सुट्टीत.

प्रत्यक्ष प्रसंग

पुढच्या वर्षी जूनमध्ये, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तिसऱ्या मजल्याच्या इलेक्ट्रिक शाफ्टमधून धूर आला. घोषणायंत्रणेची केबल त्याच शाफ्टमधून जात असल्याने तिसऱ्या ते पाचव्या मजल्यावर आवाज पोहोचलाच नाही. तिथे शिट्यांवर काम निभावले. पूर्वेच्या जिन्यात धूर शिरत होता, म्हणून चौथ्याच्या तपासनीसाने सगळ्यांना पश्चिमेकडे वळवले.

आत 1,120 च्या आसपास माणसे होती. 13 मिनिटांत मजल्यांवरचे सगळे बाहेर, आणि 17 व्या मिनिटाला 19 कार्डे फळ्यावर. अठरा हिरवी, एक लाल. नवव्याच्या पश्चिमेकडच्या तपासनीसाने लिहिले होते: ‘1 जण, गच्चीवर, चिलर दुरुस्ती, चालू शकतो’. गच्चीचे दार बाहेरून ओढलेले दिसले आणि हाकेला उत्तर आले नाही, म्हणून तो थांबला नाही, लिहून खाली आला. हे त्याने बरोबर केले. नाव कंत्राटदाराच्या वहीत सापडले. जवानांना माणूस, जागा, जिना आणि गच्चीच्या चावीचा आकडा एकाच वेळी मिळाला. तंत्रज्ञ सुखरूप खाली आला. चिलरच्या आवाजात त्याला अलार्म ऐकूच गेला नव्हता.

सुटायची वेळ जवळ आली होती. तीस-पस्तीस जणांनी तळघरातून गाड्या काढल्या आणि न सांगता घरी गेले. नावांच्या हजेरीवर भिस्त असती तर हे सगळे ‘आत अडकलेले’ ठरले असते. मजले तपासलेले असल्याने त्यांच्यासाठी कुणाला वर जावे लागले नाही. पण त्याच दुचाकींनी गेटवर गर्दी केली आणि अग्निशमनाची गाडी वळायला चारेक मिनिटे खोळंबली. अडवायची पट्टी केबिनच्या पेटीत पडून होती.

दरम्यान पावसाची सर आली. छापील यादीची शाई पसरली, पेन्सिलीची कार्डे वाचता आली. पाहुण्यांची वही मात्र आतच राहिली. स्वागतकक्षातल्या मुलीने सवयीने ती खणात ठेवून कुलूप लावले होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव कार्डांच्या यादीत होती. ‘मजले’ मोजले, पण गच्ची, दोन्ही तळघरे आणि पंप रूम यांची कार्डेच नव्हती. तंत्रज्ञ कळला तो तपासनीसाच्या दक्षतेमुळे, पद्धतीमुळे नाही. आता चार कार्डे वाढून 23 झाली आहेत, आणि गच्चीवर कामाला जाणाऱ्याला चावी घेताना फळ्यावर आपले नाव लावावे लागते. चिलरजवळ लुकलुकणारा दिवा बसला.

तळघराचा रॅम्प अडवणे हे कुणाचेच नेमलेले काम नव्हते. वस्तू होती, माणूस नव्हता. आता अलार्म वाजताच गेटवरच्या गार्डचे पहिले काम पट्टी बांधणे. पहिल्या दोन तालमींत त्याच्याशी लोकांची वादावादी झाली. तिसऱ्यात कमी झाली, कारण प्रत्येक कंपनीच्या प्रमुखाने स्वतःची गाडी खाली सोडून चालत येऊन दाखवले.

पाहुण्यांची वही आता खणाऐवजी टेबलाला साखळीच्या हुकावर असते. घोषणायंत्रणेची दुसरी केबल पश्चिमेच्या शाफ्टमधून टाकायचे काम जुलैत मंजूर झाले. ते संचाआधीच व्हायला हवे होते, असे अधिकाऱ्याने पहिल्याच भेटीत लिहून दिले होते. खर्चामुळे ते मागे ठेवले गेले.

संध्याकाळच्या पाळीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सातनंतर दुसऱ्या आणि सहाव्या मजल्यावर मिळून दीडशेच्या आत माणसे असतात आणि प्रशिक्षित तपासनीस तीनच. बाकी मजले रिकामे दिसतात, पण तिथे सफाई चालू असते. सध्या चाचणी चालू आहे ती अशी: संध्याकाळी पिशवी नेमलेल्या व्यक्तीऐवजी जिन्याच्या दाराजवळच्या खुर्चीला बांधील असेल. त्या खुर्चीवर जो बसला असेल त्याने कार्ड उचलायचे. सफाईच्या सुपरवायझर मावशींनी रिकाम्या मजल्यांची कार्डे स्वतःकडे मागून घेतली आहेत. कोणत्या वेळी कोणत्या मजल्यावर कोण पोछा मारते आहे, हे त्यांना माहीत असते.